मंदीचा तास

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," काका म्हणाले. गच्चीवर पुतणेमंडळी अंग चोरून बसली होती. काका शाळेत शिपाई होते, तेव्हाची गोष्ट. "ज्याच्यावर बेतलं, त्याला वर्गाची किल्ली मीच दिली होती."

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा. इतिहासाचे नवे सर एक वही न्यायला शाळेत आले. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब त्यांचा तास बघणार होते. आवडला तर नोकरी पक्की, नाही तर घरी. धडा राज्याच्या इतिहासातला, मंदीपासून महायुद्धानंतरच्या वर्षांपर्यंतचा. वही मात्र जुन्या सरांची. ते जाऊन वर्ष झालं होतं, तरी पोरं म्हणायची, "ते मंदी शिकवायचे ना सर, तेव्हा जेवून आलं तरी भूक लागायची!" नव्या सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत माणसाच्या चुका तरी निघतात. मेलेल्याच्या कुठून काढणार?

"म्हणजे चोरीच की," थोरला पुतण्या म्हणाला.

"उसनी. गप ऐक."

वहीचं कपाट वर्गातच होतं. सरांनी कुलूप काढून दार ढकललं.

फळ्यावर खडू चालू होता.

जुने सर. पाठमोरे. शिकवत होते... कारखाने बंद पडले. भाकरीला रांगा लागल्या. मग युद्ध. मग परत आलेले... आणि न आलेले.

बाकांवर माणसं. हाडकुळी. विटक्या कोटांतली. एकेका बाकावर पाच-पाच.

नवे सर घाबरले? छे. त्यांनीच नंतर काकांना सांगितलं, आधी जळफळाट झाला. 'माझ्या तासाला दिवसा निम्मे बाक रिकामे. आणि याच्याकडे मेल्यावरही बसायला जागा नाही!'

जुने सर वळले. वही पुढे केली.

"घ्या. पण वहीबरोबर वर्गही घ्यावा लागेल."

सगळ्या माना वळल्या...

सरांनी वही घेतली.

दुसऱ्या दिवशी तास असा रंगला की साहेब पोट चोळत म्हणाले, "अहो, मलाच भूक लागली!" नोकरी पक्की. सर हवेत.

मधली सुट्टी झाली. पोरांनी डबे उघडले. चाळीस डबे. झाकणं घट्ट. आत... काही नाही. पुसून लख्ख. साहेबांचाही तसाच.

काका उठू लागले.

"आणि नव्या सरांचा?" धाकटीनं हळूच विचारलं.

"त्याचंच तर त्यांच्या मनाला अजून लागतं गं. परवाही विचारत होते, जुन्या सरांचा डबा असता तर त्या बाकांवरच्यांनी संपवला असता का म्हणून..."

"पण होतं काय डब्यात?"

"सगळं. जसंच्या तसं. फक्त एक घास... चावून परत ठेवलेला."