मागच्या इंजिनाची हाक

रेल्वेच्या इंजिन शेडमधले लोक त्याला भोंगेवाला म्हणत. इंजिनाचं काहीही बिघडो, भोंग्याला हात लावायचा तो त्यानेच. दुसऱ्या कुणी लावला की भोंग्याला सर्दी होते, असं तो ऐटीत सांगे आणि लोक हसून ऐकून घेत.

संग्रहालयासाठी एक जुनं डिझेल इंजिन चालतं करायचं होतं. त्याच्या बापाने ते उभी हयात चालवलेलं, म्हणून काम त्याने हट्टाने मागून घेतलं. भोंग्याचे कर्णे पार फुटले होते. शेडमागे गवतात त्याचंच जोडीचं इंजिन भंगारात पडलेलं. त्याचा भोंगा त्याने उतरवला, आतले पातळ पडदे धुतले आणि बाकावर वाळत घातले.

दुपारी डबा खाताना मागून भोंगा वाजला. दोनदा.

मुकादमाचा घास हातातच राहिला. "कोण रे तिकडे?"

"ट्रक असेल," भोंगेवाला म्हणाला. पण ट्रक कसला, हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो मागे जाऊन बघून आला. भंगार इंजिनावर भोंग्याच्या जागी नुसती भोकं होती. भोकांभोवतीची धूळ तेवढी उडून गेली होती.

घर शेडला लागूनच. बाप महिनाभर अंथरुणाला खिळलेला. पोरगा दिसताच म्हणाला, "आज जोडीदाराने विचारलं."

"काय विचारलं?"

"चढावर दोन इंजिनं लागायची. मागच्या इंजिनावरून जोडीदार दोन भोंगे द्यायचा, म्हणजे निघायचं का? पुढच्याने दोन दिले की निघायचं. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत बसल्या जागी गेला बिचारा. उत्तर राहूनच गेलं."

"बाबा, कान वाजतात तुमचे."

"वाजू देत. तू ओ देऊ नकोस म्हणजे झालं." बापाने त्याचं मनगट धरलं. "ओ दिली की निघावंच लागतं. मला इतक्यात नाही जायचं रे."

आई गेल्यावर या माणसाने भोंगेवाल्याला एकट्याने वाढवलं होतं. गाडी चढाला लागली की बाप उत्तरातला दुसरा भोंगा जरा ताणायचा, आणि घरी पोराला कळायचं, बाबा येतायत. त्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला होता.

मग रोज दुपारी हाक येऊ लागली. लोक डबे घेऊन दुसरीकडे बसायला लागले. भोंगा एकदाचा जागेवर बसला की सगळं थांबेल, अशी भोंगेवाल्याने मनाची समजूत घातली आणि कामाचा सपाटा लावला.

चाचणीला तो एकटाच चढला. एक लांब भोंगा द्यायचा आणि गुपचूप उतरायचं, असं पक्कं ठरवून. टाकीत हवा भरली. त्याने भोंग्याच्या दांड्यावर हात ठेवला.

मागून दोन भोंगे आले. अगदी जवळून.

याच दांड्यावर, बापाच्या मांडीत बसून, तो उत्तर द्यायला शिकला होता. हाताने त्याला विचारलंच नाही.

दांडा दोनदा ओढला गेला.

तो घराकडे धावत सुटला.

बायको दारातच उभी होती. "आत्ताच उठून बसले होते," ती म्हणाली. "'ओ दिली त्याने,' म्हणाले. 'माझे बूट आण.' मी बूट घेऊन येईपर्यंत..."

बाप खाटेवर बसलेलाच होता. पाय जमिनीला टेकलेले, पाठ भिंतीला, मान शेडकडे वळलेली. भोंगेवाला त्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला.

यथावकाश इंजिन संग्रहालयात गेलं. भंगारातलं कापून नेलं. शेडमागे नुसतं गवत राहिलं.

एकदा दोघं नवराबायको दुपारी जेवत होती. घरामागून भोंगा वाजला. दोनदा, आणि दुसरा जरा ताणून.

"ट्रक असेल," बायको म्हणाली.

भोंगेवाल्याने मान वर केली नाही. त्याचा खरकटा हात मात्र ताटावरून उठून हवेत मूठ वळत होता, आणि बायको तो दोन्ही हातांनी खाली दाबून धरत होती.