माझ्याआधी बोलणारी

नोकरीच्या नकाराचं पत्र 'ग्रासियास', म्हणजे 'आभार', या शब्दानं सुरू होतं. आमच्या मोन्तेविदेओत 'माते' या कडवट चहाचा भोपळ्याचा पेला परत देताना कुणी 'ग्रासियास' म्हटलं, की त्याला पुरे झालं. पुन्हा पाणी ओतायचं नाही. म्हणून अकरा महिने मी पत्रांचा पहिला शब्दच तेवढा वाचत होते.

प्रोग्रामिंग मी औषधाच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, स्वतःच शिकले. पुढे वीस वर्षं तेच केलं. शेवटच्या नोकरीत एका सकाळी पडद्यावरच्या ओळी नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. दीड तास बाथरूममध्ये बसून राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "होईल, काही अडचण नाही." महिन्याभरात मला काढलं.

"लग्नाच्या वयात मला एवढे नकार आले असते ना, तर मी मठात गेले असते," ओफेलियाताई म्हणायची. मोठी बहीण, घर तिच्या पेन्शनवर चाललेलं.

मग एका कंपनीनं दोन दिवस चाचणीला घेतलं. घरूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या बैठकीत काल काय केलं, आज काय करणार, एवढंच सांगायचं. कॅमेरे बंद. मी हेडफोन लावला.

"नेलिदा?" तिथला प्रमुख, दारिओ, म्हणाला.

माझं बोट माइकच्या बटणापर्यंत पोचायच्या आत कानात आवाज आला. माझाच. बोलण्याआधीचं ते ओशाळं हसूसुद्धा.

"कालचं संपलं. आजचं संध्याकाळपर्यंत होईल, काही अडचण नाही."

"दमलीस का गं?"

"छे! ग्रासियास."

मी बटण दाबलं. "नेलिदा मी आहे. आत्ता बोलली ती मी नव्हे."



"माझी बहीण असेल," तो आवाज म्हणाला. सगळे हसले.

हेडफोन काढला तर ओफेलियाताई दारात. "किटली उतरवली बाई. आतून 'ग्रासियास' म्हणालीस ना?"

हेडफोनमधला आवाज स्वयंपाकघरात जात नाही. मी नंतर गाणं लावून तपासलं. जात नाही.

दोन दिवसांनी पत्र आलं. पहिला शब्द 'अभिनंदन'. होकार घ्यायला दारिओ दुपारी फोन करणार होता.

"मी नाही म्हणणार आहे," मी ताईला सांगितलं.

"डोकं फिरलंय का?"

"ताई, त्यांना मी नकोय. त्यांना ती हवीय."

"ती कोण?"

मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. तोंडानं एक अक्षर न काढता मनातल्या मनात घोकत होते: नाही. जमणार नाही.

खाली फोन वाजला. मी धावले.

पोचले तेव्हा तो थांबला होता. पडद्यावर लिहिलं होतं: बोलणं झालं, दोन मिनिटं.

ताई स्वयंपाकघरातून डोळे पुसत आली. "खुळे! आणि म्हणे नाही म्हणणार! सोमवारपासून येशील का, म्हणून दोनदा विचारलं ना त्यानं? दोन्ही वेळा 'हो' ऐकू आलं मला."

"फोन तू उचललास?"

असं मला विचारायचं होतं. आवाज फुटेना. घसा साफ बसला होता, खूप वेळ बोलल्यावर बसतो तसा.