झोपाळ्याच्या जागी म्हैस

दिवाणखान्यात म्हैस उभी होती!

जिथं मी झोपाळा टांगला होता, बरोबर तिथं. खेळ बंद करून पुन्हा लावला... म्हैस तशीच, शेपूट हलवत. आणि माझ्या घरातली बाई तिच्यासमोर उभी राहून दोन्ही हात उडवत तक्रार करत होती.

“कुणी केलं हे?” मी ओरडलेच.

२००७ सालातली गोष्ट. राजारामपुरीतल्या आण्णांच्या नेट कॅफेत मी रोज कॉलेज सुटलं की जायची. खेळ साधाच – घरं बांधायची, त्यात माणसं वसवायची, त्यांना नोकरीला पाठवायचं, त्यांची लग्नं लावायची. पण सगळं विलायती. सोफे होते, पियानो होता, झोपाळा नव्हता. म्हणून तीन आठवडे खपून मी स्वतः झोपाळा बनवला, पितळी कड्यांचा. अशा बाहेरून घातलेल्या वस्तूला मॉड म्हणतात. तो इंटरनेटवर ठेवल्यावर एकशे बारा जणांनी आपापल्या घरात लावलाही होता. आणि आता म्हैस!

“कपाळावर पांढरा ठिपका हाय का?” शेजारच्या प्लायवूडच्या आडोशावरून एक डोकं वर आलं. कुरळे केस, मिशी जेमतेम फुटलेली.

“तुम्हाला काय करायचंय?”

“न्हाय... माझी हाय ती.”

त्याचं नाव अनेकांत. गंगावेशीत त्यांच्या घरच्या म्हशी, तिथल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी ताज्या दुधाची विक्री. हा बीएस्सीला, आणि फावल्या वेळात त्यानं खेळासाठी म्हैस बनवली होती. माझ्याच मशिनवर, सकाळच्या वेळात.

“तुमच्या म्हशीनं माझा झोपाळा खाल्लाय,” मी म्हणाले.

“उलटं बोलू नका. कॅनडाची एक बाई लिहितीया, गोठ्यात गेले तर म्हशीच्या जागी झोपाळा लोंबकळायलाय. आता बोला!”

“एक काढून टाका की दोन्हीतलं,” आण्णा गल्ल्यावरून म्हणाले.

“न्हाय!” आम्ही दोघं एकदम. एवढंच काय ते आमचं पहिल्या दिवशी जमलं.

भांडण म्हशीचं आणि झोपाळ्याचंच आहे की मध्ये तिसरंच काही घोळ घालतंय, हे आधी बघायला हवं होतं. त्या मशिनवर सगळ्यांचे मिळून चौऱ्याऐंशी मॉड होते. अर्धे बाहेर काढायचे, खेळ लावायचा, बघायचं. बिघाड राहिला तर उरलेल्यांतले पुन्हा अर्धे काढायचे. मशिन असलं रडकं की खेळ सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागायची. ती दहा मिनिटं... एका खुर्चीवर मी, एका स्टुलावर तो.

पहिल्या दिवशी आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं भडंगाचा पुडा आणला, मधोमध ठेवला आणि शेंगदाणे गुपचूप माझ्या बाजूला सारले. मला दिसलं. आणि रागच आला. वैऱ्याच्या हातचे शेंगदाणे इतके खमंग का लागावेत?

“तुम्ही रागावला की डावी भुवई वर जाती,” तो म्हणाला.

“मशिनकडं बघा.”

“मशिन अजून चालू व्हायलंय...”

दिवस मावळायच्या आत दोघांनाही घरी जेवायला पोचायचं असायचं. दोन्ही घरं जैन, दिवस मावळल्यावर खायचं-प्यायचं नाही ही शिस्त. त्यामुळं साडेपाच वाजले की दोघंही एकदम उठायचो, आणि उठताना मला चक्क वाईट वाटायचं. याचाही संताप!

तिसऱ्या दिवशी दोनच मॉड उरले. झोपाळा आणि म्हैस. खेळातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक नंबर असतो, आणि आमच्या दोघांच्या वस्तूंचा नंबर एकच निघाला. नंबर देणारा प्रोग्राम त्या मशिनवर एकाच नावानं नोंदवलेला होता, म्हणून त्यानं अनेकांतच्या म्हशीला दिलेलाच नंबर माझ्या झोपाळ्यालाही चिकटवला होता. एका नंबरावर दोघं राहू शकत नव्हते. एकानं बदलायलाच हवा होता. पण ज्याचा नंबर बदलेल, त्याची वस्तू आधी घेतलेल्या सगळ्यांच्या घरातून नाहीशी होणार होती.

“तुम्ही बदला,” अनेकांत सहज म्हणाला. “माझी म्हैस नऊशे घरांत हाय. तुमचे एकशे बारा... तुम्हाला सोपं जाईल.”

सोपं जाईल!

“हेच सांगितलं हुतं माझ्या बहिणीला,” माझा आवाज चढला. “मे महिन्यात लग्न झालं तिचं. चोवीस वर्षं दीपा हुती ती. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं सुनयना लिहिलं, झालं! तिला कुणी विचारलंसुद्धा न्हाय. आता सासरी दीपा म्हणून हाक मारली तर आधी सासू बघती, काय चुकलं म्हणून. आम्ही दोघी ज्यावर बसून अभ्यास करायचो, तो झोपाळा हाय हा. आणि तुमचं नाव अनेकांत, म्हणजे सगळ्या बाजू बघणारा, पण बाजू एकच दिसती व्हय तुम्हाला? स्वतःची?”

मी दप्तर उचललं आणि निघाले. रस्त्यावर येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी आवरलं, हेच नशीब.

दुसऱ्या दिवशी गेले तर तो नव्हता. इंटरनेटवर त्याची चिठ्ठी मात्र होती. ‘म्हशीचा नंबर बदलला आहे. जुनी म्हैस काढून नवी घ्यावी. चूक माझी. झोपाळा बनवणारीचा यात काही दोष नाही.’ खाली शिव्यांची रांग. कुणाचा गोठा ओस पडला होता, कुणाचं आख्खं शेत पुन्हा मांडायचं होतं. एकानं तर लिहिलं होतं, याला असली कामं जमत नाहीत तर करतो कशाला?

मला इतका राग आला! मला न विचारता हा कोण मोठा त्याग करणारा? आणि त्याला बोलणारे हे कोण? दुपारभर बसून मी एकेकाला उत्तर लिहिलं. सुधारलेली म्हैस कशी घालायची ते सांगितलं, दोघांना खडसावलं.

मग वाट बघितली. एक दिवस, दोन... आठ दिवस. शेजारचं स्टूल रिकामंच.

नवव्या दिवशी मी गंगावेशीत गेले. कट्ट्यावर गर्दी होती. धारा काढायचा आवाज, वैरणीचा वास, ग्लास हातात घेऊन उभे असलेले लोक. पलीकडून चरवी घेऊन तो उठला आणि मला बघून थबकला.

“आठ दिवस कुठं हुता तुम्ही?”

“भांडण मिटलं हुतं की...”

“भांडण मिटलं म्हणून माणूस यायचंच बंद करतो व्हय?”

रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं पितळी तांब्या कट्ट्यावर आपटला. “पावणं, पोरीला उत्तर द्या, मग मला दूध द्या.”

“येत हुतो,” तो खाली बघत म्हणाला. “रोज कॅफेच्या दारापर्यंत यायचो, परत फिरायचो. मला तुम्ही आवडता, पद्मावती. पण मी नंबर बदलला म्हणून तुम्ही चार शब्द गोड बोलणार... तसलं नको हुतं मला.”

“म्हणजे मी उपकार फेडायला आलेय इथं?” आता माझा तोल सुटला. “राजारामपुरीतनं चालत? तुम्ही आवडता म्हणून आलेय मी! एवढंपण कळत न्हाय?”

अख्खा कट्टा वळून बघायला लागला. माझे कान तापले. अनेकांत मात्र हसत होता, डोळ्यांतून, गालांतून, सगळीकडून. त्यानं ग्लास धुतला, वरून धार धरून भरला.

“दिवस अजून हाय. घ्या.”

मी प्यायले. कोमट, गोड, वर बोटभर फेस.

“ओठावर फेस लागलाय तुझ्या,” तो हळूच म्हणाला.

तुझ्या!

“असं परस्पर तू म्हणतात व्हय? विचारायचं असतं आधी.”

“मग विचारतो.” चरवी खाली ठेवून तो सरळ उभा राहिला. “तू म्हणू?”

मी उरलेलं दूध सावकाश संपवलं, रिकामा ग्लास त्याच्या हातात दिला.

“म्हण,” मी म्हणाले. “आणि उद्या चार वाजता कॅफेत ये.”