जाताना सरळ, येताना तिरका

सर्जा जाताना अगदी सरळ गेला. टोकाला थांबला, वळला, आणि परत येताना असा तिरका सुटला की ओळ सोडून थेट बद्रीनाथ सरांच्या चपलेला धडकला.

"बघितलं ताई? काल संध्याकाळपर्यंत असा न्हवता हो तो," सर कळवळून म्हणाले.

सर्जा म्हणजे बैल नव्हे. आष्टीच्या शाळेतल्या दोन पोरांनी बनवलेला, बुटाच्या खोक्याएवढा रोबो. फ्लेक्सवर आखलेल्या शेतात हरभऱ्याचे दाणे टाकत जायचं, टोकाला वळायचं आणि शेजारच्या ओळीनं परत यायचं, हे त्याचं काम. उद्या जालन्यात शाळांची रोबो स्पर्धा होती. आष्टीची ही पहिलीच टीम, आणि आजच दुपारी जीप निघणार होती.

ताई म्हणजे दैवशाला मुळे, सरांची मावसबहीण. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची तपास कचेरी आहे. स्थळांच्या चौकशा आणि बनावट बियाण्यांचा छडा ही तिची रोजची भाकरी. सकाळी सरांचा फोन आला तशी ती राधेश्यामच्या मोटरसायकलवर बसून निघाली. राधेश्याम तिचा मदतनीस. गाडी झकास चालवतो, तर्कही तितक्याच वेगानं लढवतो, फक्त गाडी वेळेवर थांबते.

"इजहारनंच केलंय हे!" राजनंदिनी पाय आपटत म्हणाली. दोघांच्या टीमची ही कॅप्टन. "स्पर्धेत बटन कोण दाबणार त्याच्यावरून काल आमचं वाजलं. आन रात्रभर सर्जा त्याच्याच घरी चार्जिंगला होता."

इजहार भिंतीला टेकून उभा होता. काटकुळा, नववीतला पोरगा. एवढ्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट, आणि उजवी बाही तो सारखी खाली ओढत होता.

"मी कायबी केलं न्हाई," तो एवढंच म्हणाला.

सरांनी दैवशालाला बाजूला घेतलं. "इजहार असला तर मी येणार न्हाई म्हणती ती. राखीव म्हणून अबुजर हाय, इजहारचाच चुलतभाऊ. नाव बदलायचं तर जीप निघायच्या आत कळवावं लागतं. पण ताई, पोराची सहा महिन्यांची मेहनत हो! खोटा आळ घेऊन त्याचं नाव कापलं तर पुन्हा शाळेत मान वर करून येईल का तो?"

दैवशालाने मान हलवली. पोरांची भांडणं मोठ्यांच्या खटल्यांपेक्षा जास्त जिव्हारी लागतात, हे तिला ठाऊक होतं.

"पुन्हा चालवा," ती म्हणाली.

सर्जा पुन्हा सरळ गेला आणि पुन्हा तिरका आला.

"चाकात कायतरी अडकलंय," राधेश्यामने निकाल दिला. "हे बघा, पुढं कुंकू लागलंय. तेच आत गेलं असणार. बिलकुल!"

"चाक बिघडलं तर जातानाही तिरकाच जाईल ना, राधेश्याम? वळेपर्यंत त्याला काहीच होत न्हाई. बिघाड वळण्यात आहे." ती इजहारकडे वळली. "किती वळायचं, हे त्याला कसं कळतं रे?"

इजहारने झाकण काढलं. आत वायरींच्या जुड्या रंगीबेरंगी चिंध्यांनी बांधलेल्या होत्या. कुठं लाल, कुठं पिवळी, मागच्या बाजूला एक हिरवी, जरीच्या काठाची.

"व्वा, नवरदेवच सजवला की!" राधेश्याम म्हणाला.

"अम्मी शिलाई करती. वायरी हलू नयेत म्हणून तिच्याकडच्या चिंध्या आणल्या." इजहारने त्या हिरव्या जुडीपाशी बोट ठेवलं. "हा खालचा तुकडा म्हणजे होकायंत्र. तोंड कुणीकडं हाय ते सांगतो. पण लोखंड जवळ आलं की याचं डोकं फिरतं. म्हणून स्क्रूबी पितळी लावलेत. परतूरची सगळी दुकानं पालथी घातली तवा मिळाले."

"वायरी तपासल्या?"

"सगळी टोकं तपासली. एकबी सुटलेली न्हाई."

"आणि प्रोग्राम?"

"तो माझ्याकडंबी होता," राजनंदिनी मध्येच म्हणाली. "सकाळी नव्यानं टाकला. तरी तसंच."

"मग इजहारने नेमकं काय केलं म्हणतेस?"

"ते मला काय माहीत? केलंय एवढं खरं!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पण बोलताना पोरीचे डोळे भरून आले होते, हेही दैवशालाने पाहिलं.

सकाळी शाळेत येताना इजहार सर्जाला घेऊन राजनंदिनीच्या घरी थांबला होता. म्हणून पहिली फेरी तिकडं झाली. तिची आई द्वारकाबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"ओवाळलं की! पहिल्यांदा जालन्याला निघालेत लेकरं. सर्जाला कुंकू लावलं, इजहारच्या हातावर दही-साखर ठेवली."

"ओवाळताना ताटात काय होतं, काकू?"

"निरांजन, सुपारी, अंगठी. अजून काय असतंय?"

"अंगठी सोन्याची?"

"मंग काय लोखंडाची?" द्वारकाबाई हसली. "आन तुमच्या त्या मशिनीचं झाकण म्या उघडलं न्हाई हो. इजहारच्या मांडीवर होती ती."

दुसरं घर इजहारचं. त्याची आई साजिया शिलाई मशीनवर बसली होती. पाहुणे आल्यावर ती लगबगीने उठली तशी टाचण्यांची डबी सांडली. तिने एक लोहचुंबक जमिनीवरून फिरवलं, टाचण्या भराभर चिकटल्या आणि त्यांच्याबरोबर एक रुपयाचं नाणंही लटकलं.

"एकाच डबीत सगळं टाकती मी," ती लाजून म्हणाली. मशीनवर जरीकाठाचं हिरवं कापड होतं. "बसा ना आपा. जीप आली काय?"

"अजून न्हाई. इजहार पहिल्यांदाच बाहेर चाललाय?"

"हौ. तो बी आन सर्जाबी. दोघांचा पहिलाच सफर. इजहार म्हणतो ना, अम्मी, सर्जा आमच्या टीमचा तिसरा मेंबर हाय." तिने चहा टाकला. "रात्रभर झोपली न्हाई मी. रस्त्यानं गाड्या कशा पळतात तुम्हाला मालूम हाय."

सर्जा बिघडल्याचं तिच्या कानावर आलेलंच नव्हतं. दैवशालाही काही बोलली नाही.

अबुजर अंगणात सायकल पुसत होता. राधेश्यामने त्याला गाठलंच.

"इजहारचं नाव कापलं तर तुला जायला मिळतं. बराबर?"

"मला न्हाई जायचं असं!" पोरगा उसळला.

"सकाळी सर्जाला हात लावला का न्हाई?"

अबुजरने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "लावला. चाकाला धूळ होती, पुसून दिली. इजहारला सांगू नका, तो म्हणंल मी लाड करून राह्यलो."

"झाकण उघडलं?"

"न्हाई. चाची बसली होती तिथं, झाकण तिच्या हातात होतं. म्हणत होती, आतून कसा दिसतो बघते."

परतताना राधेश्याम गाडीवरून मागे ओरडला, "ताई, इजहारच! फुल शर्ट बघितला? रात्री चोरून वायर जोडताना दंड भाजला असणार, म्हणून झाकतोय."

"दंडावर काहीतरी आहे, हे बरोबर," दैवशाला म्हणाली. "साजियाला आणि द्वारकाबाईंना शाळेत बोलावून घे. अबुजरलाही."

वर्गात सगळे जमले. जीप येऊन फाटकाशी उभी होती. सरांच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरला होता.

"सर्जा जाताना सरळ जातो," दैवशालाने सुरुवात केली. "म्हणजे चाकं ठीक. अबुजरने ती पुसली, त्यानं भलंच झालं. राजनंदिनीने प्रोग्राम नव्याने टाकला, तरी फरक न्हाई. म्हणजे प्रोग्रामही ठीक. चुकतंय फक्त वळण, आणि वळण होकायंत्र ठरवतं. इजहार, ते कशानं चुकतं?"

"लोखंडानं."

"मग प्रश्न एकच. काल संध्याकाळनंतर आत लोखंड कसं आलं? द्वारकाबाईंची अंगठी सोन्याची, आणि झाकण त्यांनी उघडलं न्हाई. उघडलं एकाच माणसाने." ती थांबली. "इजहार, बाही वर कर."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्याने बाही वर सारली. दंडावर हिरव्या जरीच्या कापडाची पट्टी बांधलेली होती, मध्ये गोल फुगवटा.

"भाजलं न्हाई?" राधेश्याम पुटपुटला.

"इमाम जामिन," सर म्हणाले. "आमच्याकडं सगळ्यांना माहीत हाय. सफरला निघणाऱ्याच्या दंडावर नाणं बांधतात. सुखरूप परत आला की ते गरिबाला द्यायचं."

"पोरं हसतील म्हणून झाकलं," इजहार खाली बघत म्हणाला.

"आता सर्जा बघा." दैवशालाने झाकण काढलं. "बाकी सगळ्या चिंध्या जुन्या, धुळीनं मळलेल्या. ही हिरवी मात्र कोरी, पण एवढ्या चिंध्यांत ती कुणाला वेगळी वाटलीच न्हाई. हिच्या आत वायर न्हाई." तिने गाठ सोडली. कापडातून एक रुपयाचं नाणं निघालं, आणि तिने ते सरांच्या टेबलावरच्या टाचणीजवळ नेलं तशी टाचणी टुणकन चिकटली. "हल्लीचा रुपया पोलादाचा. त्यात चुंबकाच्या डबीत राहून राहून तो स्वतःच चुंबक झालेला. नेमका होकायंत्रावर बसला. बिचारा सर्जा वळायचा तेवढा वळलाच न्हाई."

राधेश्यामने कपाळावर हात मारला. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"टीमचा तिसरा मेंबर," दैवशाला साजियाकडे बघून हळू म्हणाली. "त्याचाही पहिलाच सफर."

साजियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हौ, मीच बांधला. वर बांधला तर लोक हसतील म्हणून आत लपवला. मला काय मालूम आपा? काढून टाका तो. माझ्याच हातानं लेकराचं वाटोळं होत होतं."

सर्जा नाण्याविना फ्लेक्सवर ठेवला गेला. तो सरळ गेला, वळला, आणि हरभऱ्याचे दाणे टाकत शेजारच्या ओळीनं सरळ परत आला. सरांनी फोन खिशात टाकला. ज्यासाठी सकाळपासून जीव टांगणीला लागला होता ते झालं, तरी टाळी कुणी वाजवली नाही, कारण साजिया पदरात तोंड लपवून बसली होती.

राजनंदिनी तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली.

"चाची, काढून कशाला टाकायचं? त्याला न बांधताच न्यायचं का एवढ्या लांब?" तिने नाक पुसलं. "नाण्याच्या जागी नोट बांधा. नोटेत लोखंड नसतंय."

साजियाने मान वर केली. द्वारकाबाईने कनवटीची दहाची नोट सोडून तिच्या हातात दिली. नोटेची घडी त्याच हिरव्या कापडात गेली आणि गाठ बसली, या वेळी झाकणाच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी.

मग राजनंदिनीने आपला उजवा हात पुढे केला. "आन मलाबी बांधा. मीबी पहिल्यांदाच चाललेय."

तिला बांधताना साजिया हसत होती.

"इजहार," राजनंदिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चुकलं माझं. बटन तूच दाब."

"दोघं मिळून दाबू," तो म्हणाला.

अबुजरही जीपमध्ये चढला, सर्जाची चाकं पुसायला. सरांनी त्याला राखीव म्हणून नव्हे, टीमचा म्हणून मोजलं.

"ताई, मी अर्धं तरी बरोबर ओळखलं होतं ना? दंडावर कायतरी होतं!" राधेश्याम गाडीला किक मारत म्हणाला.

"अर्धं कशाला, पूर्ण. फक्त भाजलं न्हवतं, बांधलं होतं."

जीप धूळ उडवत त्यांच्या पुढे निघून गेली. खिडकीतून इजहारचा हात बाहेर आला होता, सगळ्यांना टाटा करत. उकडत होतं म्हणून असेल किंवा नसेल, पण बाही त्याने थेट खांद्यापर्यंत दुमडली होती.