फाळक्यावरचा पंजा

बन्सी कामाला चोख. त्याची हीच खोड त्याला नडली, असं मी म्हणेन.

सत्त्याऐंशी साली बोईसरला तो कामाला होता त्या कारखान्याला टाळं लागलं. मग त्याने दांडी गावच्या महादूकडून जुना टेम्पो घेतला, सरावलीच्या चाळीपुढे जांभळाखाली उभा केला आणि घरच्या घरी रंगवायला काढला. सात वर्षं पत्रा घासून रंगवलेला माणूस, तो कशाला गाडी गॅरेजवाल्याच्या हाती देतोय?

किल्ली देताना महादूने एवढंच सांगितलं होतं, "रंग मार खुशाल. पन मागचा फालका खरवडू नको, भाऊ. वरनंच मार."

"खरवडल्याबिगर नवा रंग धरत नाही, दादा."

महादू पाठ फिरवून चालू लागला.

बन्सीने पाणी मारमारून पॉलिश पेपर चालवला. फाळक्यावरचा, म्हणजे टेम्पोच्या मागच्या पत्र्याच्या झडपेवरचा, हिरवा थर गेला, त्याखालचा तांबडा गेला आणि पिवळ्यात एका लहान पोरीचा पंजा निघाला. नव्या गाडीवर घरच्या लेकीचा हात उमटवतात ना, तसाच, फक्त ओल्या रंगात दाबलेला. पाची बोटं स्पष्ट होती, पण तळव्यावर एक रेघ नव्हती. जुना आहे, बुजल्या असतील, असं म्हणून त्याने तोही घासला. पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला.

वर तांबड्या अस्तराचा आणि मग निळ्याचा हात दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो, तर फाळक्यावर त्याच जागी पंजा.

चाळीत एवढ्या उंचीचं पोर एकच, त्याची लाडकी. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली, नावासारखीच लाडकी. तरी बन्सीने तिला एक ठेवून दिली.

"म्या नाही केलं, बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "ती करती..."

पोरीच्या हाताला रंगाचा ठिपकाही नव्हता. बन्सीचा जीव कळवळला. त्याने पंजा पुसून पुन्हा हात मारला, बायकोला, मैनाबाईला, म्हणाला, "हिला घरातच ठेव गं," आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसला.

भर दुपार होती. चाळ झोपलेली. रंगाचा वास डोक्यात चढत होता आणि जांभळाचं पानही हलत नव्हतं. मग निळ्या रंगात आधी अंगठा रुतला... मग एकेक बोट... सावकाश, कुणीतरी टेकून उभं राहावं तसं. समोर कुणीही नव्हतं.

बन्सीने सायकल काढली ती थेट दांडीला थांबवली. महादू ओट्यावर जाळं शिवत होता.

"उमटला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"दादा, कोण हाय ती?"

"माझी सोमी. टेम्पो मागं घेत होतो... मागं उभी हाय, ते मला दिसलंच नाय." महादूच्या हातातली सुई थांबली. "गाडी नवी होती तवा तिचाच पंजा उमटवला होता. ती जाताच त्याच्या रेघा गेल्या, निस्ता सपाट झाला. तरी मी तो कधी खरवडला नाय. तीच तिची धरायची जागा. तू तीबी पुसली. आता ती कुनाचा हात धरल?" मग त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "तुझी पोर कुठं हाय?"

सायकल कशी हाणली, ते बन्सीला पुढे कधी आठवलं नाही.

घरात मैनाबाईचा डोळा लागला होता. लाडकी टेम्पोमागे धुळीत खेळत बसली होती, धडधाकट, हसरी. बन्सीने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि तो रडला.

"बाबा, आता ती रडत नाही," लाडकी म्हणाली. "म्या हात दिला तिला."

बन्सीने फाळक्याकडे पाहिलं. निळ्या रंगात पंजा होता, पण सपाट नव्हता. तळव्यावरची रेघन् रेघ सुईने कोरल्यासारखी उमटली होती.

लाडकीचा उजवा हात मिटलेला होता. बन्सीने एकेक बोट हलकेच उघडलं. तळवा स्वच्छ होता, आणि बशीसारखा गुळगुळीत.