परतीच्या ट्रकमधली जागा

आस्गर पहिल्यांदा एल्केच्या ऑफिसात आला तो भांडायलाच. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या त्या वाहतूक कंपनीत कुठला ट्रक कुठून कुठे जाईल हे एल्के ठरवायची, आणि तिनं आखलेल्या रस्त्यावर एका बुटक्या पुलाखाली त्याचा ट्रक अडकता अडकता वाचला होता. त्याच्या जॅकेटवरून पाऊस तिच्या टेबलावर ठिबकत होता.

"पुलाची उंची बघत नाहीस वाटतं?"

"बघते. ड्रायव्हर एवढा उंच असेल हे मात्र कुणी कळवलं नव्हतं."

तो हसला, आणि भांडण तिथंच विरलं.

पुढे कुणाचं घर हलवायचं असो की प्रदर्शनाचे दिवे-पडदे न्यायचे असोत, त्याचा शुक्रवार गेंटमध्येच पडेल असं ती बघायची. नदीकाठी दोघं तळलेले बटाटे खायची, शेवटच्या तुकड्यावरून तंडायची. सगळ्या ऑफिसला कळलं होतं... त्या दोघांनीच एकमेकांना सांगायचं राहिलं होतं.

एल्केला एकच गर्व होता. तिचा ट्रक परतीला कधी रिकामा आला नाही.

ऑक्टोबरात आस्गर प्रदर्शनाचा माल घेऊन ऑर्‌हूसला, म्हणजे त्याच्याच गावी डेन्मार्कला निघाला. दारात तो किल्ल्यांशी चाळा करत राहिला.

"एल्के... येताना ट्रकमध्ये थोडी जागा ठेवशील? माझं सामान आहे."

"तुझं सामान म्हणजे दोन शर्ट नि एक मग."

"येईल तेव्हा बघ," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑर्‌हूसच्या एका कुटुंबाचा फोन आला. अख्खं घर गेंटला आणायचं होतं. एल्केनं सवयीनं होकार दिला आणि आस्गरला कळवलं, ट्रक भरला, तुझे शर्ट पुढे सीटवर ठेव. तो "बरं" म्हणाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. हिचा ट्रक गच्च भरला आणि नेमकं तेच नडलं.

ट्रक घेऊन परत आला तो जोडीला गेलेला म्हातारा ड्रायव्हर वाउटर, एकटाच.

"त्यानं तिथली खोली सोडली होती, पोरी. पलंग, पुस्तकं, आजोबांचं टेबल, सगळं फुटपाथवर काढून बसला होता. इथं तुझ्या गल्लीत घर बघितलं होतं त्यानं. मी म्हटलं, तिला सांग. तर म्हणाला, जागा नाही म्हणाली ती, आणखी काय विचारू?"

एल्केनं लगेच आस्गरला फोन लावला. तो रागावलेला नव्हता, त्यामुळे तिला जास्तच रडू आलं.

"मला कळलंच नाही रे. कळलं असतं तर कुणाची खुर्चीसुद्धा घेतली नसती."

"हे तेव्हा ऐकायचं होतं मला..."

"आणि आता?"

"आता बोटीवरची नोकरी धरलीय, एल्के. उद्या निघतोय."

ऑर्‌हूसहून ट्रक अजूनही येतो. परतीच्या मालात एल्के एका टेबलापुरती जागा मोकळी ठेवते. मालक कुरकुरतात, विचारतात, ही जागा का सोडलीस?

"ती दिलेली आहे," ती म्हणते, आणि पुढच्या ट्रकचा रस्ता आखायला घेते.