कुलूपबंद घरांची मोजणी

पत्नी यमुनाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा दामोदर म्हसकर वांगी चिरत होते. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि उरलेली वांगीही चिरून टाकली. नंतर त्यांच्या लक्षात आलं, एकट्या माणसाला एवढी भाजी लागत नाही.

ते साल २०५८ होतं, महिना जानेवारीचा. यमुनाबाई उपकेंद्रात नर्स होत्या. म्हसकर तालुक्याच्या आरोग्य कचेरीत आकडेवारी बघायचे आणि आता निवृत्त झाले होते. बातमी कळताच त्यांची नात जुई आईबरोबर आली आणि आजोबांच्या सोबतीला राहिली.

चौथ्या दिवशी करवंदवाडीची बारकीबाई आली. पायांना विटांची लाल धूळ होती.

"भाऊ, आम्हाला भट्टीवर आज कळलं. बाय होती तोवर दर रविवारी यायची. पोरांना सुया टोचायची, वर आम्हालाच दटावायची. ती आजारी पडल्यापासून कुणी फिरकलं नाही. शेजारच्या तालुक्यात गोवर आलाय म्हणतात. आमच्या पोरांचं काय?"

यमुना रविवारी कुठेतरी जाते, हे म्हसकरांना माहीत होतं. संध्याकाळी ती दारात चपला आपटून धूळ झाडायची. ती कुठली धूळ, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"पण आजोबा," जुई म्हणाली, "उपकेंद्रातल्या आकड्यांच्या पडद्यावर करवंदवाडी हिरवीगार आहे. शंभरातल्या शहाण्णव मुलांना लस मिळालीय म्हणे! मग बारकीआजी खोटं बोलतेय की पडदा?"

प्रश्न साधा नव्हता. गोवराची भीती म्हणून तालुक्याला एक फिरता दवाखाना मिळाला होता, एकच. तो कुठे पाठवायचा ते सोमवारी ठरणार होतं. ज्या गावाचा आकडा सगळ्यात कमी, तिथे तो जाणार. करवंदवाडीचा आकडा सगळ्यात जास्त होता.

जुईने टिप्याला हाक मारली. टिप्या हा पाहणी करणारा यंत्रमानव. दर जानेवारीत तो घरोघरी जाऊन माहिती टिपायचा.

"टिप्या, वाडीत घरं किती?"

"साठ."

"तू किती घरी विचारलंस?"

"बारा घरी. तिथे पंचवीस मुलं. चोवीस जणांची लस झालेली. म्हणून शहाण्णव टक्के."

"आणि बाकीची अठ्ठेचाळीस?"

"त्यांना कुलूप होतं. कुलूपबंद घर मोजायचं नाही, असा नियम आहे."

"वा रे शहाण्या! दिवाळीनंतर सगळी वाडी विटा पाडायला जाते आणि तू जानेवारीत जातोस. हा नियम कुणी केला?"

टिप्याने नोंद पाहिली. "दा. वि. म्हसकर यांनी. अठरा वर्षांपूर्वी."

बारकीबाई हसली. "भाऊ, म्हणजे हा नियम तुमच्याच घरचा की!"

म्हसकरांना एक जुनी दुपार आठवली. यमुना म्हणाली होती, "अहो, तुमचा आकडा घरात बसलेल्यांनाच मोजतो. कामाला गेलेल्यांना कोण मोजणार?" त्यांनी हसून विषय बदलला होता. ती पुन्हा बोलली नाही. स्वतःच जात राहिली.

दुसऱ्या दिवशी तिघं टिप्याला घेऊन भट्ट्यांवर निघाले. बारकीबाईला अठ्ठेचाळीस घरांतलं एकेक पोर नावानिशी पाठ होतं. कुणाला सुई मिळाली, कुणाची राहिली, तेही ती सांगत गेली. मुलं भरली पंच्याहत्तर. लस झालेली छत्तीस.

जुईने तिथेच बसून हिशेब मांडला. "चोवीस आणि छत्तीस, साठ. मुलं शंभर. म्हणजे शहाण्णव नाही, साठच टक्के! चाळीस मुलं राहिलीत."

"बरोबर," म्हसकर म्हणाले. "आता पुढचं विचार. नुसता लशीचा आकडा काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. त्यासाठी सामाजिक निर्देशक (लोक कसे राहतात हे दाखवणाऱ्या खुणा) बघावे लागतात. काम कुठे, रस्ता आहे का, पाणी किती लांब, आईला सुट्टी मिळते का."

जुईने आयांना विचारलं. टिप्याने टिपून घेतलं. उपकेंद्र दहा ते एक उघडं. त्याच वेळी विटा पाडायचं काम. वर पायी दीड तासाची वाट.

"म्हणजे लस आहे, पण यांच्या वेळेला नाही," जुई म्हणाली. "दवाखाना इथे आणि संध्याकाळी यायला हवा."

"यालाच आरोग्य-समता म्हणतात (ज्याची अडचण जास्त, त्याच्यापर्यंत आधी पोहोचणं). सगळ्यांसाठी एकच दार उघडं ठेवलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं."

सोमवारच्या बैठकीत तालुका अधिकारी डॉ. फरीदा काझी यांनी दोन्ही आकडे पाहिले. साठ हा आता तालुक्यातला सगळ्यात कमी आकडा होता. "हा जुना नियम तर तुमचाच, म्हसकर."

"माझाच. चुकीचा होता. जानेवारीत कुलूप दिसलं, तर ते लोक कुठे गेले हा पहिला प्रश्न हवा. ते घर गाळता कामा नये. आणि हे दरवर्षी बघत राहायला हवं. माणसं हलतात, तसे आकडेही हलतात."

डॉक्टरांनी नियम बदलला. फिरता दवाखाना त्याच आठवड्यापासून संध्याकाळी भट्ट्यांवर जाऊ लागला. जुईला त्यात बसायची परवानगी मिळाली. तिने टिप्याला आयांशी हळू आवाजात बोलायला शिकवलं. पडद्यावर करवंदवाडी हिरव्याची पिवळी झाली. एखाद्या गावाचा आकडा घसरलेला पाहून म्हसकरांना पहिल्यांदाच बरं वाटलं. यमुनाला हे दाखवता आलं असतं तर, असंही वाटलं.

फेब्रुवारीअखेर चाळीसपैकी एकतीस मुलांची लस झाली. उरलेल्या नऊ मुलांची कुटुंबं आणखी लांबच्या भट्ट्यांवर गेली आहेत. त्या भट्ट्या कुठे आहेत, ते अजून शोधायचं आहे.